सायलेन्सरच्या तोंडावरचा निळा डाग

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यापुढे मागे एक हकिकत घडली, ती आधी सांगतो. परदेशी बनावटीची एक बसकी, रुंद स्पोर्ट्‌स कार दारात उभी होती. मागच्या बाजूला सायलेन्सरची दोन तोंडे. कडेला सोनेरी, आत जांभळी आणि त्याच्याही आत गडद निळी. मालक म्हणाले, "अरे, हे निळे पडले आहे ते जरा काढून दे." गाळ्यातला पोरगा हुशार आणि कामाला वाघ. "पाच मिनिटांत काढतो, साहेब," म्हणाला, आणि चाके चमकवायला ठेवलेला एक कॅन घेऊन बसला. कॅनवर नाव नव्हते, गाव नव्हते. पाच मिनिटांनी एका तोंडाचा निळा रंग खरोखरच गेला. चांदीसारखा पत्रा काही वर आला नाही. आली ती चुलीतल्या राखेसारखी मळकट करडी कळा. शेजारचे तोंड अजून मोरपिसासारखे निळेच होते. ती दोन तोंडे शेजारी शेजारी पाहून मालक काही बोललेच नाहीत, आणि ते न बोलणे त्या पोराला फार लागले.

चूक कुठे झाली? पोराने डाग म्हणजे मळ असे धरले. आपण सगळेच तसे धरतो. तांब्याचा हंडा काळवंडला की आपल्या घरात चिंच येते, मीठ येते, आणि हात फिरवला की हंडा लखलखतो. तिथे ते बरोबरच असते, कारण तांब्यावरचा थर चिंचेच्या आंबटाने विरघळतो. पण हे सायलेन्सर तांब्याचे नव्हते, लोखंडाचेही नव्हते. ते होते टायटॅनियमचे.

ही धातू आपल्याला वाटते तितकी परकी नाही, बरं का. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते. लोखंड आणि टायटॅनियम त्यात प्राणवायूशी जोडलेली असतात. १७९१ साली विल्यम ग्रेगर ह्या इंग्रज पाद्र्याला कॉर्नवॉलमधल्या अशाच काळ्या वाळूत ह्या धातूचा पहिला माग लागला. घराच्या भिंतीला देतो त्या पांढऱ्या रंगातली पांढरी भुकटीही बहुधा टायटॅनियमचीच, म्हणजे त्याच्या ऑक्साइडची. वाळूतून धातू मोकळी करणे मात्र कष्टाचे आणि खर्चाचे काम, म्हणून ती महाग. वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक, ताकदीला चांगली, गंजायला नाखूष. विमानांनी ती आधी उचलली, मोटारींनी फार उशिरा. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीला टायटॅनियमचे सायलेन्सर प्रथम बसले ते २००१ च्या अमेरिकन कॉर्व्हेट झेड-०-सिक्स ह्या गाडीला.

आता तो रंग. टायटॅनियमला हवा लागली की तिच्या अंगावर ऑक्साइडची एक पातळ साय धरते. धातू तापली की साय जाड होते, तरीही किती? केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग. ही साय स्वतः बिनरंगी असते. प्रकाशाचा काही भाग सायीच्या वरून परत फिरतो, काही खालच्या धातूवरून, आणि दोघांच्या मिळण्याने कुठला रंग उठतो, कुठला मावळतो. पावसाळ्यात चाकणच्या चौकात, ट्रकखाली सांडलेल्या डिझेलवर पाणी साचले की जे इंद्रधनुष्य दिसते, तेच हे. पातळ साय सोनेरी, थोडी जाड झाली की जांभळी, मग निळी. म्हणजे तो डाग धातूवर बसलेला नसतो. ती धातूचीच एक अवस्था असते.

आपल्या लोहाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छिन्नीला पाणी देताना तो पोलादावर चढणारा रंग बघतो. गवती पिवळा आला की एक धार, निळा आला की दुसरी. आणि गंमत बघा, टायटॅनियमची जोडणी करणाऱ्या वेल्डरला विचाराल तर तो ह्याच निळ्या रंगाला भितो. जोड चांदीसारखा उजळ असेल तर चांगला, सोनेरी चालून जातो. निळा आला म्हणजे आर्गॉन वायूचे पांघरूण अपुरे पडले, हवा आत शिरली. आणि पांढरी भुकटी दिसली की जोड बाद. एकाची हौस ती दुसऱ्याची खोट!

मग पुसायचे काय आणि ठेवायचे काय? ओळखायची युक्ती सोपी आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर उभी राहिली तर उत्तम. पांढरा मऊ फडका साबणाच्या पाण्यात भिजवून डागावर हलक्या हाताने फिरवा. फडका काळा झाला तर ती काजळी. गाडी थंड असताना सुरू केली की पेट्रोल थोडे जास्त जाते, नीट जळत नाही, आणि तोंडाच्या आतल्या कडेला काजळी धरते. ती खुशाल काढा. साबणाचा फेस दहा मिनिटे राहू द्या, मग पुसा. चिवट असेल तर थोडे स्पिरिट लावा, अर्थात आगीपासून दूर आणि पाइप गार असतानाच. फडक्यावर काही आले नाही पण पांढुरके ठिपके दिसले, तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. आपल्या बाजूला गाडी धुवायला बहुधा तेच पाणी असते. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने क्षार सुटतो, आणि धुतल्यावर लगेच कोरडे केले तर धरतच नाही. आणि फडका स्वच्छ, ठिपकाही नाही, रंग मात्र जागच्या जागी, तर तिथे हात थांबवा. तो मळ नाही.

कोणी म्हणेल, पण मला निळा नकोच असेल तर? बारीक पॉलिशने घासून तो निघतो. खोटे कशाला सांगू? पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे मोटारीच्या सायलेन्सरचे तोंड इंजिनापासून लांब असते. रोजच्या चालण्यात ते इतके तापतच नाही की गडद निळे व्हावे. टायटॅनियमला असा रंग यायला काहीशे अंशांची धग लागते. म्हणून तोंडावरचा तो गडद निळा बहुतेक वेळा कारखान्यातच आच देऊन किंवा वीज लावून मुद्दाम चढवलेला असतो. त्याचे पैसे मोजलेले असतात, आणि एकदा घासला की गाडी चालवून तो परत येत नाही. दुसरे म्हणजे मोटारसायकल. तिथे इंजिनाजवळच्या पाइपाचा रंग धगीनेच आलेला असतो. आज घासा, चार लांबच्या फेऱ्यांत पुन्हा हजर. मग दर महिन्याला घासत बसणार का?

तारेचा ब्रश आणि लोखंडी घासणी तर दूरच ठेवा. ओरखडे पडतातच, शिवाय लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढच्या पावसात तेच गंजून तपकिरी ठिपके उठतात. मग लोक म्हणतात, टायटॅनियम गंजले! आणि मशीनवर घासायचे असेल तर खाली साठणाऱ्या भुकटीला जपा. टायटॅनियमची बारीक भुकटी पेटते, आणि पेटली की पाणी ओतून भागत नाही, उलट भडकते. कोरडी वाळू लागते.

आता त्या कॅनकडे येतो. चाके आणि गंज साफ करण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. साध्या सौम्य आम्लांना दाद न देणारे टायटॅनियम ह्याच्यापुढे मात्र हरते. साय विरघळते आणि खालची धातूही खाल्ली जाते. त्या एका तोंडाचे तेच झाले होते. पण तोंड नवे आणता येते. पोराच्या हातात मोजे नव्हते. हे आम्ल पातळ असले की लागताक्षणी झोंबत नाही, आणि हीच त्यातली मोठी फसवणूक. कातडीतून ते आत उतरते, हाडापर्यंत जाते, आणि कळ तासांनी सुरू होते. दुपारी तो हसत चहा प्यायला; रात्री उजव्या हाताची दोन बोटे अशी ठणकू लागली की घरचे घाबरले. नशीब असे की त्याच्या मामांनी तो कॅनच बरोबर घेऊन इस्पितळ गाठले. डॉक्टरांनी वास घेतला, विचारपूस केली आणि कॅल्शियमचा मलम लावला. साध्या भाजल्याचा मलम इथे उपयोगी पडत नाही. तेव्हा असे काही अंगावर उडाले, तर दुखो न दुखो, लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, तसेच इस्पितळ गाठा, आणि काय लागले ते पहिल्यांदा सांगा.

बोटे वाचली. एक नख वाकडे आले, तेवढेच. मालकांनी पुढे एकच तोंड बदलून घेतले, पण नव्या तोंडाचा निळा जुन्याशी तंतोतंत काही जुळला नाही. मागून गाडी पाहिली की जाणकाराला अजून फरक दिसतो. आणि त्या गाळ्यात आता फळीवरच्या प्रत्येक कॅनवर रंगाने ठसठशीत मराठीत नाव लिहिलेले आहे. अक्षर त्याच पोराचे आहे.