यकृताचा कर्करोग आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



“डॉक्टर, रुग्णाच्याच रक्तातील पेशी वाढवून यकृताचा कर्करोग बरा होतो म्हणे. आपल्याकडे ते का नाही?” हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी येतो. एका गृहस्थांनी तर वडिलांसाठी शेत विकण्याची तयारी केली होती. म्हणून आज याच विषयावर बोलतो.

यकृतातील गाठ शस्त्रक्रियेने काढली तरी हा रोग पुष्कळदा उलटतो. उरलेले यकृत बहुधा आजारीच असते आणि दृष्टीस न पडणाऱ्या कर्कपेशी मागे राहतात. त्यांचा समाचार आपल्याच लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींनी घ्यावा, ही या उपचारामागील कल्पना. रुग्णाच्या रक्तातून त्या वेगळ्या करतात, इंटरल्यूकिन-२ व एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने प्रयोगशाळेत त्यांची संख्या आणि धार वाढवितात व शिरेवाटे परत देतात.

जपानमधील टाकायामा व सहकाऱ्यांनी २००० साली शस्त्रक्रिया झालेल्या १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ७७ टक्के रुग्णांत रोग उलटला. पेशी दिलेल्यांत ५९ टक्के. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही. पुढे २०१५ साली दक्षिण कोरियातील २३० रुग्णांच्या अभ्यासात ६० आठवड्यांत १६ वेळा पेशी देण्याची योजना होती. रोग न उलटण्याचा मध्यक काळ ३० महिन्यांवरून ४४ महिन्यांवर गेला, मृत्यूही कमी झाले. चौदा महिन्यांचे मोल येथे बसलेल्या कित्येकांना मी सांगावयास नको.

परंतु या दोन्ही अभ्यासांत गाठ आधीच काढलेली वा नष्ट केलेली होती. त्या गृहस्थांच्या वडिलांचा रोग रक्तवाहिनीत शिरला होता. शेत विकू नका, असेच मी त्यांना सांगितले. सांगताना जड गेले.

मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. पण तो काही रक्तकर्करोगांसाठी आहे, यकृतासाठी नव्हे.

पेशींची प्रयोगशाळा उभारण्यासाठी निधी जमवावा, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. भावना थोर आहे. तरी माझे मत वेगळे आहे. नवजात बालकास २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस आणि सिऱ्हॉसिसच्या प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ही दोन कामे आधी पूर्ण व्हावीत. गाठ लहान असताना सापडली, तरच पुढच्या उपचारांना वाव राहतो. सोनोग्राफीच्या दुसऱ्या यंत्राचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला आहे.