टाकीतलं पाणी येतं कुठून?



वसंत व्याख्यानमालेत डिझेलवर बोलायला माणूस बोलावला, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण बंदरगावात मे महिन्याच्या अखेरीला याहून वेळेवरचा विषय मला तरी सुचत नाही. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद. जाळी वर येतील, नौका शाकारल्या जातील, खलाशी आपापल्या गावी जातील. इंजिन थंड पडेल. टाकीत मात्र डिझेल आणि हवा राहतील, आणि त्यांच्या जोडीला पाणी किती जमतं यावर ऑगस्टमधली पहिली खेप अवलंबून असेल.

टाकीत पाणी का झालं, असं जेटीवर कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे: टाकीला घाम आला. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि खाली ओघळते. म्हणून टाकी गच्च भरून ठेवा, म्हणजे हवेला जागाच उरणार नाही. हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यातली प्रक्रिया खरी आहे. पण त्या प्रक्रियेतून पाणी किती होतं? आज आपण ते इथेच मोजून बघू.

एक हजार लिटरची टाकी घ्या, पूर्ण रिकामी. दिवसरात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक धरा. पावसाळ्यात कोकणात एवढा फरक सहसा पडत नाही, पण हिशेब मुद्दाम पाण्याच्या बाजूने झुकता ठेवू. हवा तापली की फुगते. १० अंशांना साधारण ३ टक्के. म्हणजे रोज ३० ते ३५ लिटर हवा व्हेंट पाइपातून बाहेर जाते आणि रात्री तेवढीच आत येते. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. तेव्हा आत आलेल्या हवेतली सगळीच्या सगळी वाफ पाणी झाली, असं मानलं तरी रोज १ ग्रॅम. ६१ दिवसांचे ६० ग्रॅमच्या आसपास. चहाचा अर्धा कप! प्रत्यक्षात यातली बरीच वाफ सकाळी आली तशी बाहेरही जाते.

आता दुसरा आकडा. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. हजार लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० किलो. म्हणजे कायद्याने अगदी शुद्ध ठरलेल्या हजार लिटर डिझेलबरोबर १६५ ग्रॅमपर्यंत पाणी टाकीत येऊ शकतं. घाम टाळायला टाकी गच्च भरली, तर घामाच्या दुपटीहून जास्त पाणी आपणच पैसे मोजून आत ओतलेलं असू शकतं. त्यातलं बरंचसं विरघळलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. डिझेल निवलं की त्याची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि त्यातलं थोडं थेंबांच्या रूपाने तळाशी बसतं.

तिसरा आकडा पावसाचा. रत्नागिरीला वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक जून-जुलैतच. डिझेल भरायच्या नळीचं तोंड ५ सेंटिमीटर व्यासाचं धरा. तेवढ्याशा तोंडावर एक मीटर पाऊस पडला तर होतात जवळजवळ २ लिटर. झाकण असतं, हे मान्य. पण ते झाकण डेकच्या पातळीत बसवलेलं असतं आणि त्याच्या खाचेत भोवतालच्या डेकवरचं पाणी येऊन साचतं. झाकणाखालची रबराची रिंग उन्हाने आणि डिझेलने कडक झाली, तिला चीर गेली, की ते साचलेलं पाणी झिरपत राहतं. रात्री टाकी निवते तेव्हा आतला दाब किंचित कमी होतो; व्हेंट चोंदलेला असला तर टाकी हवा ओढते ती त्या चिरेतून, आणि हवेबरोबर पाणीही.

म्हणून माझं म्हणणं असं की घामाला आपण नाहक बदनाम केलं. टाकीत लिटराने सापडणारं पाणी हवेतून आलेलं नसतं, ते उघड्या वाटेने आलेलं असतं. आणि त्या वाटा मोजक्या आहेत. पहिली, भरायचं झाकण. दुसरी, व्हेंट पाइप: तो डेकपासून बुटका असेल किंवा त्याचं तोंड खाली वळवलेलं नसेल, तर लाटेचं पाणी सरळ आत. तिसरी वाट म्हणजे बॅरल. २०० लिटरचं पिंप उभं ठेवलं की वरच्या कडेच्या आत पावसाचं तळं होतं आणि दोन्ही बुचं त्यात बुडतात. पिंप रात्री निवलं की ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत शिरतं. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली. चौथी वाट, डिझेल पंपाची जमिनीखालची टाकी. तिचा विचार शेवटी करू.

पाणी झालं तर बिघडतं काय? पाणी जड. वरणावर तूप तरंगावं तसं डिझेल वर राहतं आणि पाणी तळाशी. नुसतं तळाशी बसलेलं पाणी इंजिनाचं काही वाकडं करत नाही. अमेरिकन नौदलाच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांत तर इंधन जसजसं जळतं तसतसं त्याच्या जागी खालून समुद्राचं पाणी मुद्दाम घेतात, जहाजाचा तोल राहावा म्हणून. तिथे मधली सीमा सांभाळणारी आणि वरचं इंधन शुद्ध करणारी यंत्रणा असते. आपल्याकडे पाणी आणि सक्शन पाइपाचं तोंड यांत जेमतेम दोन-चार बोटांचं अंतर असतं.

जेटीला बांधलेल्या नौकेत ते अंतर पुरतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, तासभर छान चालतं, आणि सगळ्यांचा विश्वास बसतो. मग नौका खाडीच्या तोंडाशी येते. पाऊस संपलेला नसतो, उधाण असतं, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. नौका डोलू लागते तसा टाकीचा तळ ढवळून निघतो. पाणी, गंज, चिकटा एकदम वर उठतो आणि सक्शनमध्ये जातो. इंजिन बंद पडायला याहून वाईट जागा नाही, आणि नेमकं तिथेच ते पडतं. याला नशीब म्हणू नका. शांत पाण्यात बिघाड लपून राहतो आणि लाटेत उघडा पडतो, इतकं ते सरळ आहे.

आतलं नुकसान वेगळंच. इंजेक्टरमधली सुई आणि तिची पोकळी यांत अंतर असतं दोन-तीन मायक्रॉनचं. तिला वंगण डिझेलचंच. तिथे पाणी आलं की धातूवर धातू घासतो. वर समुद्राचं खारं पाणी असेल तर उभ्या इंजिनात गंज चढतो. जुन्या मेकॅनिकल पंपांनी हे बरंच सोसलं. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. ती इंजिनं सोसत नाहीत.

आणि पाणी एकटं राहत नाही. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. खायला डिझेल, राहायला पाणी. यातली एक प्रसिद्ध बुरशी म्हणजे अमॉर्फोथेका रेझिनी. क्रिओसोट लावलेल्या लाकडावर ती सापडते आणि विमानांच्या केरोसिनच्या टाक्यांतही तिने ठाण मांडलेलं आहे. तिचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टर बुजवतो. काही जिवाणू आम्ल तयार करतात, टाकीचा पत्रा तळातून खातात. टाकी उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला तर समजा, वस्ती जुनी आहे.

इथे बाटलीतलं औषध पुढे येतं. जंतुनाशक बुरशी मारतं, हे खरं. पण मेलेली बुरशीही फिल्टरमध्येच जाऊन बसते, आणि पाणी शिल्लक असेल तर नवी वाढते. दुसरी औषधं पाण्याचे इतके बारीक थेंब करतात की ते डिझेलबरोबर जळून जावेत. पण वॉटर सेपरेटरचं सगळं काम थेंब एकत्र करून खाली पाडण्यावर चालतं. थेंब बारीक केले की ते सेपरेटरलाही चकवतात आणि थेट इंजेक्टरपर्यंत पोचतात. तेव्हा आधी पाणी काढा. औषधाचं नंतर बघू.

काढायचं कसं? टाकीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रेन कॉक हवा, आणि तिथे हात पोचला पाहिजे. बऱ्याच नौकांत कॉक नसतो, किंवा असतो तो फळ्यांच्या मागे. नाखवांनी या दोन महिन्यांत एक काम करायचं तर हे करावं. आणि झाकणाची रिंग बदलून, व्हेंट साफ करून, मगच नौका शाकारावी.

पहिल्या खेपेआधी तळाचं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. स्वच्छ आणि चमकदार दिसेपर्यंत काढत राहा. धुरकट दिसलं तर पाणी अजून मिसळलेलं आहे, थांबा. पुढे मोसमभर रोज पहाटे, इंजिन सुरू करण्याआधी, सेपरेटरची वाटी उघडून बघा. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं. काढलेलं पाणी खाडीत ओतू नका. नौकेवर दोन फिल्टर जादा ठेवा, आणि फिल्टर बदलून पंपाची हवा काढणं तांडेलाबरोबर आणखी एका खलाशाला तरी शिकवा. इंजिन बंद पडलंच, तर आधी नांगर, मग पाना.

आता पंपाची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक नौका मच्छीमार सहकारी संस्थांच्या पंपांवर डिझेल भरतात. ते पंपही दोन महिने जवळजवळ थंडच असतात आणि त्यांच्या टाक्या त्याच पावसात, त्याच जमिनीत पुरलेल्या असतात. मोजपट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून ती टाकीत सोडली की पाण्याच्या उंचीपर्यंत रंग बदलतो; दोन मिनिटांचं काम आहे. बंदी उठण्याच्या दिवशी, पहिली नौका भरण्याआधी, ही पट्टी सभासदांसमोर बुडवावी आणि आलेली नोंद फलकावर लिहावी. डिझेलच्या परताव्यासाठी आपण संस्थेच्या बैठकीत तासन् तास बोलतो. या नोंदीसाठी एक ठराव मांडायला काय हरकत आहे? संस्थांचे पदाधिकारी समोर बसले आहेत. बंदी उठायच्या आधी बैठक घ्या आणि तो ठराव मंजूर करा.