काचेची पेटी सांधावी की बदलावी?



आज आपण माशांच्या काचेच्या पेटीविषयी बोलू. पेटीला तडा गेला किंवा ती गळू लागली, तर ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी, एवढाच प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्या गावात अशी पेटी आहे कुणाकडे?" गावात नसेल. पण तुमचे मुलगे, भाऊ, मेहुणे मुंबईला आहेत. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत त्यांच्या खोल्या आहेत. तिथे पोरांच्या हौसेखातर अशी पेटी घरात येते. शिवाय हा प्रश्न एकट्या पेटीचा नाही. मोडलेली वस्तू सांधावी की बदलावी, हे प्रत्येक घरात ठरवावे लागते. ते कसे ठरवायचे, हे या पेटीवरून चांगले कळते.

आधी पाण्याचे वजन पाहू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घ्या. ती काठोकाठ भरली, तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे झाले ५६ किलो. तांदळाच्या ५० किलोच्या पोत्याहूनही जास्त! शिवाय तळाशी वाळू आणि खडे असतात, ते वेगळेच. एवढे ओझे ती पातळ काच रात्रंदिवस पेलत असते. दिसायला पेटी नाजूक, पण तिचे काम हमालाचे.

आता हे ओझे काचेवर सगळीकडे सारखे पडते का? नाही. घरी एक प्रयोग करून बघा. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्याला खिळ्याने तीन भोके पाडा. एक वर, एक मध्ये, एक तळाजवळ. तिन्ही भोके सारखी पाडा. डबा उंच ओट्याच्या कडेला ठेवा आणि पाण्याने भरा. वरच्या भोकातून पाणी हळू येईल. मधल्यातून जरा जोराने येईल. तळाच्या भोकातून सर्वांत जोराने येईल. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब जास्त. पेटीचेही तसेच आहे. वरच्या काठाचा टवका आणि तळाजवळचा तडा, दोन्ही दिसायला सारखेच लहान असतील. पण दोहोंत फार फरक आहे.

म्हणून पेटी बिघडली, की पहिला प्रश्न "दुरुस्तीला किती पैसे लागतील?" हा नव्हे. पहिला प्रश्न असा, की जे मोडले आहे, त्याच्यावर भार आहे का?

पेटी तीन प्रकारांनी बिघडते. एकेक प्रकार पाहू.

पहिला प्रकार ओरखड्याचा. काचेवर चरा उमटला, किंवा वरच्या काठाचा बारीकसा टवका उडाला. पाणी गळत नाही आणि चीर पुढे सरकत नाही. अशी पेटी वापरावी. तिच्यावर खर्च करू नये. टवक्याने हात कापू नये म्हणून तो पॉलिश कागदाने घासून घ्यावा, म्हणजे झाले.

दुसरा प्रकार सांध्याच्या गळतीचा. पेटीच्या पाच काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. पूर्वी लोखंडी पट्ट्यांची चौकट करून तिच्यात लांबी भरून काचा बसवीत. आता सिलिकॉन नावाचा रबरासारखा डिंक लावतात. हा डिंक जुना झाला, की कुठेतरी सुटतो आणि पाणी झिरपते. काचा धड असतील, तर ही पेटी दुरुस्त होते.

तिसरा प्रकार तड्याचा. काचेलाच चीर गेली. इथे मात्र फसू नका. मडक्याला चीर गेली, तर आपण त्यात धान्य ठेवतो, पाणी ठेवत नाही. काचेचेही तेच आहे. चिरेच्या टोकाला सगळा ताण गोळा होतो आणि ती पुढे सरकते. आज चार बोटे असेल, उद्या हातभर होईल. वरून डिंक फासला, चिकटपट्टी लावली, तर गळती थांबेल. पण काचेचे गेलेले बळ परत येत नाही. भार घेणारी काच तडकली, की ती बदलायचीच.

परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर असेच झाले. पेटीच्या पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून चार बोटांची चीर गेली. पोरगा रडकुंडीला आला. आत आठ मासे होते. वडील म्हणाले, "डिंक लावून टाकू. पाच वर्षं टिकली, अजून दोन टिकेल." आजी म्हणाली, "अरे, पोरं त्याच पेटीखाली झोपतात. रात्री फुटली म्हणजे?" शेवटी आम्हाला विचारायला आले. आम्ही म्हटले, आजींचे खरे आहे. पेटीखाली पोरांची अंथरुणे. शेजारी विजेची गुंडी. खालच्या मजल्यावर नेमका म्हाताऱ्या बाईंचा पलंग. चाळीची जमीन लाकडी. ५६ लिटर पाणी एकदम सुटले, तर ते आपल्या खोलीत थोडेच थांबणार?

त्याच संध्याकाळी त्यांनी विजेचा पंप बंद केला. गुंडी काढली. पेटीतलेच पाणी दोन बादल्यांत घेतले आणि मासे त्यात सोडले. पेटी रिकामी केली. मग काय करायचे, याचा विचार शांतपणे झाला.

हे नीट ध्यानात ठेवा. काय करायचे ते उद्या ठरवले तरी चालेल. पण आतले जीव आणि बाहेरची माणसे आजच सुरक्षित करायची.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी काचवाल्याकडे दोन भाव विचारले. एक काच बदलायला किती, आणि तेवढीच नवी पेटी केवढ्याला? आमचा ठोकताळा असा, की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे जात असेल, तर नवे घ्यावे. नाही तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे होते. इथे खर्च निम्म्याच्या आत होता. पण काचवाल्याने पेटी उजेडात धरून दाखवली. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही डिंक सुटू लागला होता. आज एक काच बदलली असती, तर सहा महिन्यांनी पुन्हा खर्च आलाच असता. त्यांनी नवी पेटी घेतली. जुनीच्या धड काचा वाया गेल्या नाहीत. त्या फडताळाला फळ्या म्हणून बसल्या.

तडकलेल्या काचेचे तुकडे आजीने जाड कागदात गुंडाळले, सुतळीने बांधले आणि कचरा नेणाऱ्याला सांगून हातात दिले. त्याचाही हात माणसाचाच आहे ना!

आता सांध्याची गळती असेल, तर दुरुस्ती कशी करावी ते सांगतो. आधी गळती कुठे आहे ते शोधा. पेटी बाहेरून कोरडी पुसा. खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरा. पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. पाणी उतरत उतरत जिथे थांबेल, त्या उंचीला भोक आहे असे समजा. मग पेटी रिकामी करून वाळवा. जुना डिंक ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन घट्ट धरत नाही. वरवर फासलेला लेप पुन्हा सुटतो.

डिंक घेताना माशांच्या पेटीसाठी चालणाराच मागा. न्हाणीघरासाठी विकतात त्या डिंकात बुरशी मारणारे औषध असते. त्याने मासे मरतात. डिंक लावल्यावर निदान दोन दिवस पाणी घालू नका. त्याला आधी शिरक्यासारखा आंबट वास येतो. वास गेला नाही, तोवर डिंक वाळलेला नाही. मग पेटी मोरीत किंवा अंगणात सपाट जागी ठेवून भरा. एक दिवस आणि एक रात्र पाहा. कोरडी राहिली, तरच घरात आणा. भरलेली पेटी कधी उचलू नका. ती ठेवायची जागा सपाट हवी आणि खाली थर्माकोलचा तक्ता हवा. जागा उंचसखल असली, की काचेला पीळ बसतो. पुष्कळ पेट्या त्यानेच तडकतात.

हाच प्रश्न मोठ्या पेट्यांपुढेही येतो. जर्मनीत बर्लिन शहरी एका हॉटेलात उंच खांबासारखी माशांची टाकी होती. तिच्यात १० लाख लिटर पाणी आणि सुमारे १५०० मासे होते. तिची मोठी दुरुस्तीही होऊन गेली होती. तरी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ती फुटली. बहुतेक सगळे मासे मेले. दोन माणसे जखमी झाली. पहाटे तिथे वर्दळ नव्हती, म्हणून एवढ्यावर निभावले. ती का फुटली, याचे एकच पक्के कारण तज्ज्ञांनाही सांगता आले नाही. दुरुस्ती झाली म्हणजे काळजी संपली, असे समजू नये.

आपल्या मुंबईतले तारापोरवाला मत्स्यालय घ्या. चर्नी रोड स्टेशनाजवळ, समुद्राकाठी, १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडले. ८ लाख रुपये खर्च आला. त्यातले २ लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले. गावाहून पाहुणा आला, की त्याला राणीचा बाग आणि मत्स्यालय दाखवायचे, अशी रीत होती. पुढे त्याचे मोठे नूतनीकरण झाले आणि २०१५ साली ते पुन्हा उघडले. आत १२ फुटांचा पारदर्शक बोगदा केला होता. माणूस मधून चाले आणि मासे डोक्यावरून पोहत जात. तो बोगदा काचेचा नव्हता. तो अ‍ॅक्रिलिक नावाच्या मजबूत प्लॅस्टिकचा होता. पण २०२० साली करोनाच्या साथीत मत्स्यालय बंद झाले. इमारत मोडकळीला आली, आणि ती पाडून नवी बांधावी, असा विचार पुढे आला. पेटी नवी असून भागत नाही. ती ज्याच्यावर उभी आहे, ते घरही धड हवे.

आपल्या गावाकडे हा नियम नवा नाही. कौल फुटले, तर आपण कौल बदलतो. त्यासाठी कुणी घर पाडत नाही. पण आढे किडले, तर नुसती कौले शाकारून चालत नाही. तेव्हा आधी माणसे आणि गुरे बाहेर काढावी लागतात. विहिरीचे, बांधाचे, शाळेच्या भिंतीचेही असेच आहे. मोडलेल्या जागेवर भार आहे का, तो सुटला तर कुणाच्या अंगावर पडेल, आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या मानाने किती, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. पैशाचा प्रश्न शेवटी. तो पहिला आणला, की माणूस चिकटपट्टी शोधतो.

तुम्हाला आता लिहिता येते. मुंबईच्या मुलाला पत्र लिहाल, तेव्हा एक ओळ जरूर घाला, "घरातल्या पेटीची काच आणि सांधे एकदा नीट पाहा." एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.