चार महिने घराबाहेर

  चुलीवर भाजी असेल तर आच कमी करा. कांदा निवडत असाल तर निवडता निवडता ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची मीटिंग झाली. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या आणि विषय निघाला माती परीक्षणाच्या प्रशिक्षणाचा. पाच दिवस, मुक्कामी, पुण्याला. आमच्यातल्या एकीचं नाव आलं होतं. बारावीपर्यंत शास्त्र शाखेत शिकलेली, हिशेबाला पक्की. पण घरून उत्तर आलं, "पाच दिवस? मग घर कोण बघणार?" ती काही बोलली नाही, वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत बसली. आम्हीही लगेच काही बोललो नाही. हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी विचारून झालेला आहे.

मग आम्ही तिला एका बाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. पाच दिवस नाही, चार महिने घराबाहेर राहिलेल्या बाईंची. तेही बर्फाच्या समुद्रात.

त्यांचं नाव अदिती पंत. जन्म १९४३ सालचा, नागपूरचा. वडील आप्पासाहेब पंत म्हणजे आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र. आजोबा बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि गांधीजींच्या सल्ल्यानं आपलं राज्य रयतेच्या हाती दिलं, ते. वडील पुढे भारताचे राजदूत झाले. नैरोबी, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, लंडन, जिथं नेमणूक तिथं बिऱ्हाड. आई नलिनीताई एफआरसीएस झालेल्या डॉक्टर.

इथं आमच्यातल्या एक मावशी लगेच म्हणाल्या, "राजाची नात, आई डॉक्टर, तिला कोण अडवणार?" बरोबर आहे. घरात पैसा होता, शिक्षण होतं, ते लपवायचं कारण नाही. पण आम्हाला वाटतं, समुद्राची लाट राजाची नात बघून लहान होत नाही. आणि जहाजावर बाई नको म्हणणाऱ्यांना ती कोणाच्या घरातली याच्याशी काय घेणं?

पुण्यात बी.एस्सी. करताना अदितीताईंच्या हातात एक पुस्तक पडलं, अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचं, समुद्रातल्या जिवांवरचं. एवढ्यानं त्यांची वाट ठरली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेल्या, मग लंडनमध्ये पीएच.डी. केली. देशात परत येऊन गोव्याला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लागल्या. पश्चिम किनाऱ्यावर वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत त्यांचं काम चाललं.

काम काय, तर समुद्राचं शेत मोजायचं. हो, शेतच. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्यांना प्लवक म्हणतात. आपल्या ज्वारीसारख्याच त्या उन्हावर अन्न तयार करतात. सगळ्या पृथ्वीवर वनस्पती जेवढं अन्न तयार करतात, त्यातलं जवळजवळ निम्मं या बारक्या जिवांचं. लहान मासे त्यांना खातात, मोठे लहानांना.

हे पीक मोजायची एक जुनी, सोपी रीत आहे. समुद्राचं पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरायचं. एक बाटली उजेड लागेल अशी, दुसरी काळी झाकलेली. दोन्ही पाण्यात सोडायच्या आणि काही तासांनी दोन्हीतला प्राणवायू मोजायचा. उजेडातल्या बाटलीत जेवढा जास्त भरेल, त्यावरून पीक कळतं. खोलवरचं पाणी आणायचं तर दोराला खास बाटली बांधून खाली सोडतात आणि वरून दोरावरून एक वजन सोडतात. ते खाली जाऊन आदळलं की बाटली उलटते आणि बंद होते. ही युक्ती नॅन्सेन नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाची. आपण शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतो, माती एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकतो आणि शेवटी अर्धा किलो ठेवतो. नमुना चुकला की अहवाल चुकला. समुद्रातही तेच, फक्त पायाखालची जमीन हलत असते.

आता अंटार्क्टिका. पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा बर्फाचा खंड. भारताची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली, नॉर्वेचं जहाज भाड्यानं घेऊन. एकवीस जण गेले, सगळे पुरुष. दुसऱ्या मोहिमेतही बाई नव्हती. तिसरी मोहीम १९८३ च्या डिसेंबरात निघाली, तिच्यात पहिल्यांदा दोन बायका होत्या. एक कोलकात्याच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या अदितीताई.

तेव्हा नुसतं पोहोचायलाच तीन आठवड्यांवर लागायचे. वाटेत असा पट्टा लागतो की तिथल्या वाऱ्याला खलाशी गर्जणारा वारा म्हणतात. तिथं डिसेंबरात सूर्य मावळतच नाही, मग जेवणाची वेळ घड्याळावरच. खारं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही, त्या पाण्यात हात घालून नमुने घ्यायचे. झिंग्यासारखा क्रिल नावाचा जीव तिथं थव्यांनी राहतो, तो प्लवक खातो आणि मोठाले देवमासे त्याच्यावर जगतात. ही सगळी साखळी समजून घेणं हे अदितीताईंचं काम. त्याच मोहिमेत आपल्या देशाचं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, उभं राहिलं. मार्च १९८४ मध्ये मंडळी परत आली. एकदा जाऊन आल्या आणि फोटो लावून बसल्या, असं झालं नाही. पाचव्या मोहिमेत त्या पुन्हा गेल्या. पुढे पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं.

आणि वयाचं म्हणाल, तर इस्रोच्या मंगला मणी २०१६ साली अंटार्क्टिकाच्या भारती ठाण्यावर गेल्या तेव्हा छप्पन वर्षांच्या होत्या. ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांत बाई एकटीच. हे ऐकून मघाच्या मावशी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वयाची की गं!"

आता आमच्या मैत्रिणीचं. तिला विचारूनच हे सांगतो आहोत. येत्या सोमवारी नाव द्यायची शेवटची तारीख आहे. गटानं पाळ्या लावल्या आहेत. सकाळची धार एकीकडे, पोरांचे डबे दुसरीकडे, सासूबाईंची गोळी वेळेवर द्यायला तिसरी. वहीत लिहून ठेवलंय, पान सांडायला नको म्हणून गोंदानं चिकटवलंय. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघी तिच्या घरी जाणार आहोत. सासूबाई रोज या वेळेला रेडिओ ऐकतात, आम्हाला माहीत आहे. मावशी, चहा ठेवा. साखर कमी.