डॉक्टरेटनंतरची उमेदवारी



मुलाला पीएच.डी. मिळाली की शिक्षण संपले, असे घरच्या मंडळींस वाटते. मेंदूच्या संशोधनात मात्र खरी उमेदवारी तेथून पुढे सुरू होते. या उमेदवारास ‘पोस्टडॉक’ म्हणतात. तो विद्यार्थी उरलेला नसतो आणि प्राध्यापक झालेला नसतो. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, मुदतीच्या वेतनावर, त्याला स्वतःचा प्रश्न शोधावयाचा असतो.

स्वीडनचे टॉर्स्टन वीझेल १९५५ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्सच्या नेत्रसंस्थेत स्टीफन कफलर यांच्याकडे असेच दाखल झाले. १९५८ साली डेव्हिड ह्यूबेल त्यांना येऊन मिळाले. त्यांना खरे तर दुसऱ्या विभागात जावयाचे होते. पण तेथे इमारतीचे काम चालू असल्याने ही तात्पुरती सोय झाली. दोघेही तिशी ओलांडलेले होते.

भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्संदेश ते टिपीत. काळ्या ठिपक्यांना पेशी दाद देईना. एकदा यंत्रात काच सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली हलली आणि पेशी एकदम जागी झाली! विशिष्ट दिशेच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात, हे असे उमगले. पुढे मांजराच्या पिलांवरील प्रयोगांतून दिसले की, कोवळ्या वयात डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याने पाहावयास शिकत नाही. तान्ह्या मुलाचा मोतीबिंदू वेळेवर काढण्याच्या आग्रहास या ज्ञानाचा भक्कम आधार आहे. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

परंतु नोबेलने हुरळून न जाता कफलर यांच्याकडे पाहावे. १९५९ च्या त्या निबंधावर ह्यूबेल आणि वीझेल ही दोनच नावे आहेत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव नाही. उमेदवाराला जागा, साधने आणि श्रेय देणारा गुरू तो हाच.

आज उमेदवार पुष्कळ आणि कायम जागा थोड्या आहेत. एक मुदत संपली की दुसरी, असे करता करता लग्नाचे, मुलांचे आणि आईवडिलांच्या सेवेचे वय निघून जाते. म्हणून निघण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : येथून गेलेले लोक आज कोठे आहेत? आणि जाताना मला माझा प्रश्न बरोबर नेता येईल काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर संस्थेच्या नावास भुलू नये. ठरविलेल्या मुदतीनंतर औषधनिर्मितीकडे, रुग्णालयाकडे वा अध्यापनाकडे वळणे हा पराभव नव्हे.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी ‘अजून शिकतोसच का?’ असे विचारण्याऐवजी ‘सध्या काय शोधतो आहेस?’ असे विचारावे. त्याला तेवढाही आधार पुष्कळ होतो.