कीर्तन झाल्यावर काय सांगावं?
(वळ येथे दिंडीतील टाळकरी व नव्या कीर्तनकारांपुढे केलेले भाषण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली आणि आज आपल्याच गावची पोरं कीर्तनाला उभी राहतात, हा आनंद मोठा. पण कीर्तन झालं की आपण काय करतो? तोंडावर "महाराज, लई गोड झालं," आणि सकाळी पारावर त्याच पोराची नक्कल! ती कानावर गेली की पोरगं पुन्हा उभं राहत नाही. गावानं असा एक कीर्तनकार घालवला, तर परत कुठून आणणार?

पारख आपल्या संप्रदायाला नवी नाही. तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची मडकी तपासली, नामदेवरायांना कच्चं ठरवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवराय रुसले. पण कथा तिथं संपत नाही. देवानंच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. आणि कच्चं म्हणणारा जातीचा कुंभार होता, हेही ध्यानात घ्या. ज्यानं कधी टाळ धरला नाही, त्यानं थापटणं उचलू नये.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला अभ्यास चार वर्षांचा. आपली पोरं गोदामातली पाळी उरकून येतात, त्यांना ते कसं जमावं? त्यांची शाळा आपणच.

मग सांगायचं कसं? नारदाच्या गादीवर उभा असताना अक्षर बोलू नये. नंतर बाजूला घ्यावं. "रंगलं नाही" हे मोघम झालं. "तिसऱ्या चरणावर दृष्टांतात शिरलास, तो अभंगाकडे परत आलाच नाहीस," हे त्याच्या उपयोगाचं. "प्रमाण नामदेवरायांचं होतं, तू तुकोबांचं म्हणालास." "मृदंग चढला की तुझा शब्द बुडतो, जरा थांबत जा." एका वेळी एकदोनच. गळ्यावर मात्र बोलू नये. गळा देवानं दिलेला, तो पोरगा काय करणार?

मागं बसलेल्या आजीला विचारा, काय ध्यानात राहिलं? तिनं विनोद सांगितला आणि अभंग सांगता आला नाही, तर पोराला सगळं कळलं.

यंदा सप्ताहात काकड्यानंतर आदल्या रात्रीचा आपला कीर्तनकार, एक जुना टाळकरी आणि मागच्या रांगेतली एक माउली, असे तिघंच देवळाच्या ओट्यावर बसतील. चहा तिथंच पोचवू. बाकीच्यांनी तिकडं फिरकू नये.

रामकृष्णहरी!