हवेवर चालणारी गाडी : दावा आणि हिशेब

2007 साली टाटा मोटर्सने फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी करार केला. तिचे संस्थापक गी नेग्र पूर्वी फॉर्म्युला वनची इंजिनं बनवत. त्यांचा नवा दावा मोठा होता: नुसत्या दाबलेल्या हवेवर गाडी एका भरणीत 200 किलोमीटर धावेल. नाशिकच्या पंचवटीहून पुणं जवळपास तेवढंच!

हा दावा घरबसल्या तपासता येतो. समजा, 300 लिटरची टाकी आहे आणि हवेचा दाब 300 बार, म्हणजे स्कूटरच्या चाकातल्या दाबाच्या सुमारे दीडशेपट. एवढ्या हवेतून, काहीही वाया न जाता, फार तर 12 युनिट ऊर्जा मिळते. विजेवरची छोटी मोटार 100 किलोमीटरला दहा-बारा युनिट खाते. मग 200 किलोमीटर कसे जाणार? गाडी अगदी हलकी हवी आणि वेगही बेताचा हवा.

शिवाय दाबताना हवा तापते, ती उष्णता बहुधा वाया जाते. इंजिनात प्रसरण पावताना हवा इतकी थंड होते, की आतल्या बाष्पाचा बर्फ होतो. धूर नाही हे खरं. पण हवा दाबायला वीज लागतेच.

मे 2012 मध्ये टाटांनी दोन गाड्यांवर संकल्पना दाखवून पहिला टप्पा संपल्याचं जाहीर केलं. ते काम प्रामाणिक होतं, असं मी मानतो. पण ती गाडी आपल्या रस्त्यांवर आली नाही. असा नवा दावा कानावर आला, तर आधी विचारा: टाकीत युनिट किती?